कुठवर आलात?

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघालेलं वाक्य कोणतं, तर ‘कुठवर आलात?’ सकाळी विचारायचो, दुपारी विचारायचो, रात्री अकराला आणि वेळ पडली तर पहाटे चारलाही. पलीकडे इंजिनाची घरघर, वाऱ्याचा आवाज, आणि मग ठरलेलं उत्तर, ‘आलोच साहेब.’ दोन तासांचा रस्ता उरलेला असो की सहा तासांचा, ‘आलोच’मध्ये फरक पडत नसे. ते खोटं आहे हे मला कळायचं, आणि मला कळतं हे त्यांनाही कळायचं. तरी मी विचारायचो. कारण टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर माल घेणारी पार्टी मला तेच विचारत असायची आणि मीही तिला ‘आलीच गाडी’ म्हणून सांगत असायचो.

तो फोन गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कानाशी वाजतोय, एक हात स्टिअरिंगवरून काढून तो उचलतोय, हे तेव्हा मनातही यायचं नाही. उचलला नाही तर मात्र राग यायचा.

माझं काम भागाकाराचं. अंतर भागिले वेग. ४०० किलोमीटर, ताशी ८०, म्हणजे पाच तास. पार्टी म्हणाली साडेचारात पाहिजे, की ८० खोडून ९० लिहायचं. चार तास सत्तावीस मिनिटं. तेहेतीस मिनिटं वाचली, आणि वाचवायला मला लागलं काय, तर पेनाचा एक फराटा. शाळेच्या गणितातली आगगाडी कधी दमत नाही, तशीच माझ्या तक्त्यातली गाडी. तिला ड्रायव्हर आहे हे गृहीत होतं, पण तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता. नावाचा होता, लायसन्स नंबरचा होता. एवढंच.

आकड्यांशी माझं बरं जमतं, म्हणून पुढे कधीतरी त्या फराट्याचा उलटा हिशेब मांडून पाहिला. ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण बावीस मीटर. समोर काही दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरू. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेचे. दाब नळ्यांमधून चाकापर्यंत पोचायला आणखी अर्धा सेकंद. म्हणजे गाडी हळू व्हायला लागण्याआधीच ४४ मीटर संपले. पुढे कोरडा रस्ता आणि ब्रेकचे धड लाइनर असतील तर आणखी पन्नासेक मीटर. एकूण ९४. आता तेच ९० ने. सेकंदाला २५ मीटर, ब्रेक लागेपर्यंत ५० गेले, पुढे ६२. एकूण ११२. फरक अठरा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या ट्रेलरच्या लांबीएवढा. जिथे ८० वाली गाडी थांबलेली असेल, तिथे ९० वाली अजून धावत असते. वेग आठव्या हिश्शाने वाढतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सत्तावीस टक्के. आणि गाडी मालासकट ४० टनांची.

हा सगळा हिशेब डोळे उघडे असलेल्या माणसाचा. दीड सेकंद हे त्याचे.

एकदा कागदपत्रांत घोळ झाला. मूळ प्रती घेऊन मालाबरोबर कुणीतरी जाणं भाग होतं, म्हणून मी केबिनमध्ये बसलो. एवढ्या वर्षांत रात्रीच्या फेरीला जायची माझी ती पहिली वेळ. ड्रायव्हर पन्नाशीचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब. वयाने दुप्पट माणूस साहेब म्हणतोय याचं तोवर काही वाटत नव्हतं.

रात्री नऊला आम्ही निघालो. काकांचा हात इतका सफाईचा की सुरुवातीचे काही तास मी नुसता बघत होतो. उतार लागला की आधीच खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर रोखायचे. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या एका गाडीचा लाइनर जळल्याचा वास केबिनपर्यंत आला, तेव्हा नाक मुरडून म्हणाले, ‘ज्या गिअरात चढलो असतो, त्याच गिअरात उतरायचं. हे ज्याला कळलं नाही, त्याला उतारच शिकवतो.’ मागून कुणी डिपर मारले तर घाई न करता बाजू द्यायचे. बेदरकार ड्रायव्हर कसा असतो याची माझ्या डोक्यात जी काही कल्पना होती, तिच्यात हा माणूस कुठेच बसत नव्हता.

साडेतीनच्या सुमारास एक मोठा पूल लागला. पुलाच्या सांध्यांवरून चाकं जाताना ठेका धरल्यासारखा आवाज येतो, धडक-धडक, धडक-धडक. मला तो आवडला म्हणून लक्षात राहिला. पुलावर असताना काका एकदा मानेवर हात फिरवताना दिसले. पुढे त्यांनी काच खाली केली. मग रेडिओ मोठा केला. मग गाडी किंचित डावीकडे गेली, कडेच्या पट्ट्यांवर चाक घर्र करून वाजलं, आणि गाडी परत लेनमध्ये आली. मी काही बोललो नाही. मला वाटलं, रस्त्याचाच उतार असेल.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर काकांनी विचारलं, ‘साहेब, तो मोठा पूल गेला का?’

‘कधीच गेला की काका.’

ते काही बोलले नाहीत. मीही नाही. पण माझे हात गार पडले ते आठवतं. पूल ओलांडायला मिनिटभर तरी लागलं असेल. गाडी सरळ चालली होती, लेनमध्ये होती, काकांचे डोळे मी पाहिले तेव्हा उघडेच होते. आणि तो पूल त्यांच्या हिशेबी अजून यायचा होता.

याला पुढे नाव सापडलं. मायक्रोस्लीप म्हणतात, आपल्या बोलीतली डुलकी. काही सेकंदांची असते आणि डोळे मिटतीलच असं नाही. मेंदूचा काही भाग परवानगी न विचारता बत्ती बंद करून टाकतो. चार सेकंदांची डुलकी आणि ताशी ८० चा वेग म्हणजे ८९ मीटर गाडी कुणीच चालवत नाही. जागा माणूस निदान शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो, स्टिअरिंग फिरवतो. धडक होते ती थोड्या कमी वेगाने तरी होते. डुलकीतल्या धडकेत बहुतेकदा रस्त्यावर टायर घासल्याची खूणच सापडत नाही.

पहाटेची वेळही योगायोगाची नव्हे. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. मेंदूत तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वरच, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका ते चालवतो. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात ते झोप म्हणजे झोपच मागतं. दुपारी जेवणानंतर पुन्हा थोडं मागतं. वर्षानुवर्षं रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्याचंही हे घड्याळ पुरतं उलटं होत नाही, कारण घरी गेला की तो पुन्हा उजेडात जगतो. ‘सवय झालीय साहेब’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आणि दरवेळी हुश्श केलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री सहाच तास झोपू दिलं होतं. दोन आठवड्यांनी त्यांची तत्परता एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आली. आणि त्यांना विचारलं तर ती म्हणत होती, थोडी पेंग येते इतकंच. सवय होते ती झोप कमी पडल्याचं न जाणवण्याची.

काकांनी काच उघडली, रेडिओ वाढवला, ते सगळेच करतात. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात पेंगुळलेल्या माणसांना सिम्युलेटरवर बसवून हेच तपासलं होतं. गार वारा आणि रेडिओ, दोन्हींचा उपयोग थोडा आणि थोड्याच वेळापुरता. कॉफीने फरक पडतो, पण रक्तात मुरायला तिला वीस-तीस मिनिटं हवीत. म्हणून त्या संशोधकांनी सुचवलेली युक्ती मजेशीर आहे: आधी कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं झोपायचं. जाग येते तोवर कॉफी कामाला लागलेली असते. अर्थात हे सगळं उसनवारीचं. कॉफी झोप भागवत नाही, झोपेची मागणी मेंदूपर्यंत पोचू देत नाही. सावकार दारात उभाच.

तर पुलाबद्दल विचारल्यावर काही वेळाने काका म्हणाले, ‘साहेब, वीस मिनिटं टेकतो.’

मी इथे प्रामाणिक राहतो. मी पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं.

पार्टीकडे माल उतरवायला सातचा स्लॉट होता आणि तो मीच घेतला होता. पुलावर काय झालं हे कळूनही माझी मान मनगटाकडेच वळली. मी ‘हो, हो, टेका की’ म्हणालो. पण त्याआधीची ती नजर काकांनी पाहिली असणार.

रस्ता रुंद होता तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली, पार्किंगचे दिवे लावले, हाताची घडी स्टिअरिंगवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं. मागे झोपायची फळी होती, तिथवर जायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. श्वास पुढच्या मिनिटाला लांब झाला. शेजारून एकेक गाडी जायची, तिच्या वाऱ्याने आमची केबिन झोपाळ्यासारखी हलायची. मी बसून हिशेब करत होतो. माझ्या तक्त्यात काकांची ड्यूटी नऊला सुरू झाली होती, म्हणजे आता जेमतेम सात तास होत होते. मग आठवलं की माल भरायला गाडी रांगेत लागली होती सकाळी सहाला. दिवसभर रांग. रांगेत झोपता येत नाही, दर पंधरा मिनिटांनी गाडीभर पुढे सरकावं लागतं, नाहीतर मागचा घुसतो. मग वजनकाटा, मग ताडपत्री, मग दोऱ्या आवळणं. सकाळी सहाला रांगेत म्हणजे जाग पाचच्याही आधी. हा माणूस तेवीस तास जागा होता.

‘नेचर’ या नियतकालिकात १९९७ साली डॉसन आणि रीड या दोघांचा एक लहानसा लेख आला होता, ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांवरचा. सलग सतरा तास जागा माणूस हातडोळ्यांच्या कामात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. चोवीस तासांनी ०.१० टक्क्यांइतका. दारू प्यायलेल्याला गाडी देणार का, असं मला त्या काळी कुणी विचारलं असतं तर मी भडकलो असतो.

वीस मिनिटं झाली आणि मी काकांना हलवलं. बरोबर वीस. ते दचकून उठले, कुठे आहोत हे कळायला त्यांना काही क्षण लागले, आणि पुढच्याच क्षणी गिअर पडला. इतक्या थकलेल्या माणसाला खोल झोप झटकन लागते आणि तिच्यातून उठवलं की डोकं ताळ्यावर यायला दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, कधी जास्तही. तेवढा वेळ नुसतं बसायचं असतं, खाली उतरून चार पावलं टाकायची असतात. हे मला माहीत नव्हतं. काकांना बहुधा माहीत होतं.

सहा पन्नासला आम्ही फाटकावर होतो. स्लॉट सातचा. फाटक आमच्यासाठी उघडलं साडेदहाला. मी कागदावर वाचवलेली तेहेतीस मिनिटं त्या रांगेत कुठे मावली ते कुणालाच दिसलं नाही.

आणि काही झालं नाही. या धंद्यातलं सगळ्यांत घातक वाक्य हेच, असं मला आता वाटतं. काही झालं नाही म्हणजे फेरी यशस्वी. यशस्वी म्हणजे त्या वेळेत ती होते हे सिद्ध झालं. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तीच वेळ मी नेहमीची म्हणून टाकली. काकांची डुलकी, तो पूल, कडेच्या पट्ट्या, हे सगळं त्या एका आकड्यात जिरून गेलं. अपघात झाला असता तर चौकशी झाली असती, आणि चौकशीत लिहिलं गेलं असतं: चालकाचा गाडीवरील ताबा सुटला. माझं नाव त्यात आलं नसतं.

ज्यात सगळं उघड झालं अशी एक चौकशी आहे. ७ जून २०१४, मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेत न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाड्या हळू झाल्या होत्या आणि मागून एक ट्रक एका लिमोझिन व्हॅनवर येऊन आदळला. व्हॅनमध्ये विनोदी अभिनेता ट्रेसी मॉर्गन होता. तो जबर जखमी झाला, त्याचा सहकारी जागीच गेला. अभिनेता होता म्हणून जगाला कळलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शोधलं तेव्हा ड्रायव्हर अठ्ठावीस तास जागा निघाला. आदल्या रात्री तो जॉर्जियातल्या घरून डेलावेअरला, कामावर हजर व्हायला, स्वतःची गाडी रात्रभर चालवत आला होता. ते अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते ड्यूटीत धरलं जात नाही. अमेरिकी नियमाने चौदा तासांच्या आत गाडी चालवणं संपवायचं असतं. धडकेच्या वेळी त्याच्या चौदातला थोडा वेळ अजून शिल्लक होता. आणि तिथे मर्यादा ताशी ४५ मैलांची, ट्रक ६५ ने. मर्यादेत असता तर वेळेत थांबला असता, असं मंडळाने म्हटलं.

थकवा आणि वेग अशी दोन वेगळी कारणं आपण पाटीवर लिहितो. केबिनमध्ये ती एकच असतात. तासन्‌तास एका वेगाने गेलं की डोळ्याला तो वेग वाटेनासा होतो, आणि दमलेला माणूस काट्याकडे बघायचंही विसरतो. शिवाय झोप जितकी अनावर, तितकी पोचायची घाई, कारण पोचल्यावरच ती मिळणार.

नियम नाहीत असं नाही. भारतात १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, २०२५ पर्यंत. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. युरोपात साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र ते नोंदवत राहतं. हे सगळं वाचताना मला चांगलंच वाटत होतं, कारण सगळे नियम ड्रायव्हरकडे बोट दाखवणारे वाटत होते. युरोपच्याच नियमात पुढे एक कलम आहे: सुरक्षा धोक्यात येईल अशा रीतीने किलोमीटरवर किंवा मालावर बक्षीस देऊ नये, आणि ठरवलेल्या वेळा नियमांत बसणाऱ्या असाव्यात. मग ऑस्ट्रेलियाचा अवजड वाहनांचा कायदा हाती लागला. त्यात जबाबदारीची साखळी आहे. माल पाठवणारा, भरणारा, घेणारा, गाडीमालक. आणि त्या यादीत आणखी एक शब्द होता, शेड्युलर. वेळापत्रक आखणारा. मी तो शब्द दोनदा वाचला. अकरा वर्षांत माझ्या खुर्चीला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी तक्त्यात एक रकाना वाढवला. ‘शेवटची सलग झोप – किती तास’. फाटकातून निघण्याआधी ड्रायव्हरने भरायचा. मालक म्हणाले, हे काय नवीन? मी म्हणालो, विमावाले मागतात. ते खोटं होतं, पण चाललं. काका तोवर निवृत्त झाले होते. पहिल्या महिन्याचा तक्ता हातात आला तेव्हा मी उत्सुकतेने उघडला. ८. ८. ८. ८. खालपर्यंत आठच. काही पानांवर तर सगळे आठ एकाच हातचे, एकाच पेनाचे; महिनाअखेरीला कुणीतरी बसून ओढून काढले असणार. दोष कुणाला देणार? खरं लिहिलं तर फेरी जाईल, फेरी गेली तर पैसे जातील. ‘आलोच साहेब’चंच ते लेखी रूप होतं.

तीन महिने आठ येत राहिले. मग एका संध्याकाळी पंचविशीचा एक नवा मुलगा टेबलापाशी येऊन कागद ठेवून गेला. ताडपत्री बांधून झाली होती, गाडी फाटकाशी तोंड करून उभी होती, सकाळी सहाचा स्लॉट होता. रकान्यात लिहिलं होतं, २.

आठ लिहायचे असतात हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मी खिडकीतून पाहिलं. तो टायर ठोकून बघत होता, एकेका चाकाशी वाकून, मन लावून. मी फोन उचलला आणि पार्टीला लावला. म्हटलं, गाडी सहाला येणार नाही, दुपार होईल.

‘का? गाडी बिघडली का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘गाडीला काही झालेलं नाही.’